पॉइंट गार्ड घडवायची की आणायची? मराठवाड्यातील एका मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रकरण

प्रकरण मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचे आहे. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू वर नेणारी आणि संघाचा हल्ला मांडणारी खेळाडू. गाव, क्लब आणि खेळाडू ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत. संघात ज्या नावांनी हाका मारतात तीच इथे वापरली आहेत: धाकटी, उंच आणि वहिनी.

पार्श्वभूमी

क्लबकडे एक सिमेंटचे मैदान आहे. दिव्यांचे चार खांब आहेत, त्यातले तीन पेटतात. वर्षाचा निधी साधारण २,४०,००० रुपये. तो माजी खेळाडू, दोन डॉक्टर आणि बाजारपेठेतले काही दुकानदार मिळून जमवतात. १५ ते २४ वयाच्या १४ मुली नियमित येतात.

या मुली खेळतात त्यामागे आवड आहेच, पण हिशेबही आहे. दहावी-बारावीच्या मुलींना सवलतीचे गुण हवे असतात. पदवीच्या मुलींचा डोळा सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणावर असतो आणि त्यासाठी लागणाऱ्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर. संघात १२ जागा असतात. म्हणजे बाहेरून एक खेळाडू आणली की कुणाचे तरी प्रमाणपत्र जाते. मोठ्या शहरांतल्या क्लबांना ही अडचण फारशी जाणवत नाही. इथे संघनिवडीचा निम्मा ताण तिचाच असतो.

सहा वर्षे संघाची पॉइंट गार्ड एकच होती. मे महिन्यात पोलीस भरतीत तिची निवड झाली आणि ती प्रशिक्षणाला गेली. तिच्यामागे कुणाला तयार केलेच नव्हते. सहा वर्षे ती जवळजवळ पूर्ण ४० मिनिटे खेळायची आणि राखीव गार्डला सामना हातात असेल तेव्हाच शेवटची दोन-तीन मिनिटे मिळायची. पुढचे बहुतेक सगळे या एका चुकीतून निघाले.

ती गेली तेव्हाची राखीव गार्ड म्हणजे धाकटी. वय १६, उंची १५८ सेंमी, अकरावी सायन्स. शॉट चांगला, उजवा हात पक्का, डोके शांत. सकाळी आठपासून नीटचे क्लास आणि संध्याकाळी पुन्हा क्लास.

अडचण

जुलैच्या शेवटी एका निमंत्रित स्पर्धेत संघ चार सामने खेळला आणि तीन हरला. हरलेल्या तिन्ही सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी एकच हत्यार काढले: बास्केट झाली की लगेच फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर अंगावर येऊन बचाव. चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायला ८ सेकंद असतात. धाकटी उजवीकडून निघायची, समोरची मुलगी तिला डावीकडे वळवायची, दुसरी धावत यायची आणि साइडलाइनच्या कडेला ट्रॅप, म्हणजे दोघींचा घेराव, लागायचा. प्रशिक्षकांनी पूर्वार्धातले दोन्ही टाइम आऊट पहिल्या क्वार्टरमध्येच या प्रेसपायी खर्च केले. तिन्ही सामन्यांत हेच झाले.

परतीच्या एसटीत निकाल लागून गेला होता: पोरगी कच्ची आहे, गार्ड आणावी लागेल.

मोजणी

बैठकीआधी सहायक प्रशिक्षक मॅडमनी मोबाइलवर घेतलेले चारही सामन्यांचे चित्रण पाहिले आणि प्रत्येक टर्नओव्हर, म्हणजे शॉट घेण्याआधीच गमावलेला चेंडू, वहीत उतरवला. रकाने चार: कुठे झाला, कुणाच्या हातून, कोणत्या क्वार्टरमध्ये, कशामुळे. एका सामन्याला साधारण दोन तास लागले. या प्रकरणात याहून उपयोगी काम दुसरे झाले नाही.

चार सामन्यांत १०४ टर्नओव्हर, म्हणजे सामन्याला २६. फोड अशी निघाली. प्रेसखाली आपल्याच अर्ध्या मैदानात ४६. पुढे गेल्यावर पोस्टला, म्हणजे रिंगजवळच्या खेळाडूला, दिलेले पास तुटून २१. पास घेताच ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून पाय हलवणे) १७. हातातून निसटलेले पास १२. तीन सेकंद (रिंगखाली जास्त वेळ थांबणे) आणि आक्रमक फाउल मिळून ८.

आता त्या ४६ कडे पाहू. धाकटीच्या हातून २७ गेले होते: १६ डाव्या कडेच्या ट्रॅपमध्ये, ६ वेळा ८ सेकंद संपले, ५ वेळा समोरून चेंडू काढून घेतला. उरलेले १९ तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. त्यात ७ वेळा इनबाउंड करणारीचे, म्हणजे हद्दीबाहेरून चेंडू आत टाकणारीचे, ५ सेकंद संपले आणि १२ पास मधेच तुटले. पोस्टच्या २१ पैकी ९ पास धाकटीचे होते. एकूण १०४ पैकी ३६ तिच्या नावावर. एक तृतीयांशाहून थोडे जास्त.

म्हणजे देशातली उत्तम गार्ड आणून उभी केली असती तरी दोन तृतीयांश गळती तशीच राहिली असती. एसटीत लागलेला निकाल इथे डळमळला.

आणखी दोन गोष्टी वहीत सापडल्या. धाकटीच्या त्या २७ पैकी १२ चौथ्या क्वार्टरमधले होते. ती सामन्याला सरासरी ३६ मिनिटे खेळत होती, म्हणजे दमल्यावर डावा हात आणखी लुळा पडत होता. दुसरी गोष्ट चेंडूची. मुलींचा सामना ६ नंबरच्या चेंडूने होतो. क्लबमध्ये मुलांसाठी घेतलेले ७ नंबरचे नऊ चेंडू होते आणि ६ नंबरचे फक्त दोन, त्यातला एक गुळगुळीत झालेला. घेरात तीनेक सेंटिमीटर आणि वजनात पन्नास-साठ ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण महिनाभर जड चेंडूने सराव केलेल्या मुलीचा पास सामन्यात लांब पडतो, ड्रिबल कमरेच्या वर उसळते आणि झेलणारीची बोटे वेगळ्याच गोलाईला सवकलेली असतात. निसटलेल्या १२ पासांतले सगळेच यामुळे गेले असे नाही, पण काही नक्की गेले.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे धीर धरणे: धाकटीलाच खेळवायचे आणि तिच्याभोवतीची घडी बसवायची.

दुसरा, विदर्भातल्या एका क्लबची २२ वर्षांची गार्ड. दोन्ही हातांनी चेंडू नेणारी, प्रेस पाहून न घाबरणारी. खर्चाचा अंदाज काढला: मानधन ४०,०००, चार महिन्यांची खोली आणि मेस २२,०००, प्रवास ६,०००. एकूण ६८,०००, म्हणजे वर्षाच्या निधीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. खरी अट मात्र पैशाची नव्हती. तिच्या जिल्ह्याचा ना हरकत दाखला लागणार होता. तो मिळवून देण्याच्या बदल्यात त्या क्लबने आपल्याकडची ‘उंच’ मागितली. १७८ सेंमीची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी, वय १९. तिकडे वसतिगृह आणि कॉलेजात प्रवेश देऊ म्हणाले. आपल्याकडे ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, असा शब्द कागदावर कुठेच नसतो. व्यवहार मात्र तोच होता.

तिसरा, फॉरवर्डला खेळणाऱ्या २४ वर्षांच्या कर्णधाराने चेंडू वर आणायचा. दोन दिवस करून पाहिले. चेंडू वर आला, पण धावत वर येणाऱ्या कर्णधाराचा शॉटच नाहीसा झाला. एका जागेचे भोक बुजवायला दुसरीकडे पाडले, एवढाच फरक.

चौथा, जुन्या गार्डला रजा काढून बोलवायचे. हे कुणीतरी दर बैठकीत सुचवायचेच. प्रशिक्षणातून रजा मिळत नाही आणि पुढे ती पोलिसांच्या संघातून खेळणार, हे तिनेच फोनवर सांगून टाकले.

निर्णयाची बैठक

ऑगस्टच्या मध्यात आठ जण बसले. तरुण सदस्यांनी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे दाखले काढले. फिनिक्स संघाने २०२० मध्ये पॉइंट गार्ड ख्रिस पॉलला ट्रेड करून आणले आणि २०२१ मध्ये संघ थेट अंतिम फेरीत गेला. समोरून उत्तर आले की लेकर्सनी २०२१ मध्ये वेस्टब्रुकला आणले आणि पुढच्या मोसमात ८२ पैकी ४९ सामने हरले; उलट मेम्फिसने २००७ मध्ये ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) घेतलेल्या माइक कॉन्लीला सुरुवातीची वर्षे टीका होऊनही सोडले नाही आणि पुढे तो २०१९ पर्यंत त्यांचा आधार राहिला.

दाखले खरे होते, पण या बैठकीत निकामी. फिनिक्सकडे डेव्हिन बुकर आणि डिआंड्रे एटन हे चांगले खेळाडू आधीच होते. चेंडू घेऊन पुढे काय करायचे हे ठाऊक असलेल्या संघात पॉल आला. इथे पास झेलताच पाय हलवणाऱ्या मुली होत्या. आणि तिकडे करार, पगाराची मर्यादा, ड्राफ्टच्या जागा असे मोजायचे माप असते. इथे एक दाखला, एक खोली आणि एका मुलीचे कॉलेज.

‘उंच’ला द्यायचे का, यावर तासभर चर्चा झाली. एकमताने नको ठरले, आणि कारण योग्य होते: १७८ सेंमीची, धावणारी मुलगी या भागात सहज मिळत नाही, गार्ड एकदा घडवता येते, उंची घडवता येत नाही. पण त्या तासभरात कुणी तिला विचारले नव्हते. तिला ही गोष्ट तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीकडून कळली. ती प्रशिक्षकांना म्हणाली, “सर, मला जायचं नव्हतंच. पण माझा सौदा चालला होता ते मला तरी सांगायचं ना.” त्यानंतर पंधरा दिवस ती सरावाला आलीच नाही.

बैठकीत ठरले ते असे. ऑक्टोबरच्या स्पर्धेपर्यंत, म्हणजे दहा आठवडे, धाकटीवर थांबायचे. थांबण्याला माप लावले: आपल्या अर्ध्या मैदानातले टर्नओव्हर सामन्याला ११.५ होते, ते ६ वर यायला हवेत. नाही आले तर नोव्हेंबरच्या नोंदणीआधी दुसरी गार्ड शोधायची. या मापाला दोघांनी विरोध केला, “पोरीच्या डोक्यावर आकडा ठेवू नका” म्हणून. शेवटी आकडा पूर्ण संघाचा ठेवला आणि धाकटीला तिचा वेगळा आकडा सांगितलाच नाही. हा बारीक निर्णय चांगला ठरला.

दहा आठवड्यांचा सराव

आधी ६ नंबरचे सहा चेंडू घेतले. ७ नंबरचे मुलींच्या वेळेत कपाटात बंद. सराव पहाटे ५:४५ ते ७:१५, कारण आठला क्लास.

धाकटीसाठी रोज २० मिनिटे वेगळी. दोन चेंडूंनी जागेवर ड्रिबल, ४० सेकंदांचे तीन सेट. मग फक्त डाव्या हाताने, उजवा हात पाठीशी, बेसलाइन (रिंगमागची हद्दीची रेषा) ते मध्यरेषा सहा फेऱ्या. त्यानंतरचा भाग महत्त्वाचा: मागे सरकत ड्रिबल. ट्रॅप येताना दिसला की कच्च्या गार्डची पहिली चूक म्हणजे ड्रिबल थांबवून चेंडू उचलणे, आणि चेंडू उचलला की ट्रॅप जिंकला. म्हणून दोन ढांगा मागे, खांदा फिरवून समोरच्या दोघींना एका रेषेत आणायचे आणि मग मधून पास. साइडलाइनपासून चार मीटरच्या पट्ट्यात एकीवर दोघी सोडून हे रोज दहा वेळा.

बाकीच्या संघासाठी प्रेस फोडण्याची एकच रचना घोटली. इनबाउंड कर्णधाराने करायचा, आणि रिंगच्या मागून कधीच नाही, कारण तिथून लांब पास टाकला तर बोर्ड आडवा येतो. किमान एक पाऊल बाजूला. बास्केट झाल्यानंतर बेसलाइनवर धावता येते, हे संघातल्या निम्म्या मुलींना माहीतच नव्हते! (इतर वेळी, चेंडू बाहेर गेल्यावर, पंच दाखवतील त्याच जागेवरून टाकावा लागतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की फुकटचा व्हायोलेशन.) धाकटीने कोपऱ्यात पास घ्यायचा नाही, फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी यायचे. ‘उंच’ने मध्यभागी, मध्यरेषेच्या अलीकडे, हात वर करून उभे राहायचे, तिची उंची गोल करण्याआधी इथे कामाला येते. इनबाउंड केलेल्या मुलीने लगेच मैदानात यायचे, चेंडूच्या मागे, म्हणजे ट्रॅप लागला तर परतीचा पास तिच्याकडे. बाकावरच्या मुलींनी सेकंद मोठ्याने मोजायचे: पाचला इशारा.

ट्रॅव्हलिंगवर उपाय साधा आणि कंटाळवाणा. पास येताना उडी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर, मग पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणे. रोज ५० पास. पहिल्या दोन आठवड्यांत मुली वैतागल्या, तिसऱ्यापासून पाय आपोआप थांबायला लागले.

गणपतीत चार दिवस बुडाले. पावसात सिमेंटवर शेवाळ धरले तेव्हा आठवडाभर शाळेच्या सभागृहात फक्त हाताचे काम झाले.

ऑक्टोबर: माप लागले, पण अर्धवट

तीन सामने, ५७ टर्नओव्हर, सरासरी १९. आपल्या अर्ध्या मैदानातले २१, म्हणजे सामन्याला ७. लक्ष्य ६ होते.

एका आकड्याने नापास म्हणायचे का? इथे मॅडमनी पुन्हा वही उघडली. ७ ही सरासरी फसवी होती: तीन सामन्यांत ४, ५ आणि १२. पहिल्या दोन संघांचा प्रेस चाललाच नाही. तिसऱ्या संघाच्या दोन्ही गार्ड धाकटीपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर उंच होत्या. तिला ट्रॅपवरून पलीकडचे दिसतच नव्हते. सरावाने डावा हात सुधारतो. उंच हातांमागचे दिसायला सराव पुरत नाही, तिथे दुसरी गार्डच लागते. शिवाय त्या १२ पैकी ७ धाकटी चार फाउल झाल्याने बाकावर बसल्यानंतरचे होते. तिच्यामागे पुन्हा कुणीच नव्हते. मे महिन्यातली चूक ऑक्टोबरमध्ये तशीच जिवंत होती.

त्यामुळे प्रश्न बदलला. धाकटीच्या जागी कोण, हा नव्हे. धाकटीसोबत १२-१५ मिनिटे कोण.

वहिनी

उत्तर गावातच निघाले. वय २६, विद्यापीठ संघातून पॉइंट गार्ड खेळलेली, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावात आलेली, दीड वर्षाचे मूल. कर्णधाराच्या शेजारच्या गल्लीत राहते. ऑगस्टच्या बैठकीत विदर्भात फोन लावणाऱ्या आठ जणांपैकी कुणालाच ती ठाऊक नव्हती.

मॅडम घरी जाऊन सासूबाईंशी बोलल्या. अटी वाजवी होत्या: सराव आठवड्यातून तीन दिवस, बाहेरगावी जाताना मूल आणि सासूबाई सोबत. माहेरच्या जिल्ह्याचा ना हरकत दाखला लागला. तो यायला तीन आठवडे गेले, नोंदणी बंद होण्याआधी तीन दिवस हातात पडला. खर्च बूट आणि दोघींचा प्रवास मिळून ७,५००.

बाराच्या यादीतून पाच वर्षे राखीव बसलेली २३ वर्षांची मुलगी गेली. तिला हे यादी लागल्यावर फलकावरून कळले. तिने मैदान सोडले.

निकाल

डिसेंबरच्या स्पर्धेत चार सामने झाले. टर्नओव्हर ६४, सरासरी १६. आपल्या अर्ध्या मैदानातले २२, सामन्याला ५.५. धाकटी सरासरी २६ मिनिटे, वहिनी १४. अवघड प्रेस लागला की दोघी एकदम मैदानात: वहिनी चेंडू वर आणायची, धाकटी विंगवर, म्हणजे कडेला, जाऊन शॉट घ्यायची. हे कुणी आधी आखले नव्हते. दुसऱ्या सामन्यात सुचले आणि जमले. उपांत्य सामना तीन गुणांनी गेला, आणि तो टर्नओव्हरमुळे गेला नाही. फ्री थ्रो चुकल्या.

जानेवारीत क्लासने बारावीचा पोर्शन सुरू केला. धाकटीचे वडील मैदानावर आले. “सर, तुमचा मान हाय, पण पोरीचं नीटचं वर्ष हाय. आता बॉल बास.” ती मे पर्यंत आली नाही आणि पुढच्या मोसमाचेही नक्की नाही. ज्या डाव्या हातावर दहा आठवडे खर्च केले तो आता जीवशास्त्राच्या नोट्स उलटतो.

वेगळे काय करता आले असते

धीर धरण्याचा निर्णय चुकला असे म्हणता येत नाही; टर्नओव्हर ऑक्टोबरपर्यंत सामन्याला २६ वरून १९ वर त्यानेच आले, आणि ६८,००० रुपये व ‘उंच’ दोन्ही वाचले. चुकले ते आधीचे प्रश्न. घडवायला घेतलेली मुलगी पुढच्या वर्षी असेल का, हे ऑगस्टमध्ये तिच्या घरी विचारायला हवे होते. मराठवाड्यात अकरावी सायन्सच्या मुलीबाबत हा प्रश्न डाव्या हाताच्याही आधी येतो. उत्तर “एकच मोसम” असे आले असते तरी तिला खेळवलेच असते, पण नववीतल्या एखादीला त्याच वेळी सोबत उभे केले असते.

गावात लग्न करून आलेल्या, नोकरीनिमित्त आलेल्या, खेळ सोडलेल्या मुलींची यादी क्लबकडे नव्हती. ती आता कर्णधाराने केली आहे. सहा नावे निघाली, त्यात एक बँकेत बदलून आलेली सेंटर.

‘उंच’शी आणि वगळलेल्या मुलीशी आधी बोलायला हवे होते, दोघींशी समोरासमोर. पहिली पंधरा दिवसांनी परत आली. दुसरी नाही. तिचे प्रमाणपत्र डिसेंबरमध्येच गेले असते असे नाही. आणखी एखाद्या छोट्या स्पर्धेत तिला पूर्ण वेळ खेळवता आले असते, पण तशी स्पर्धा कुणी शोधली नाही.

सध्या वहिनी मंगळवार, गुरुवार, शनिवारी येतात. नववीतली एक मुलगी त्यांच्यासोबत चार मीटरच्या पट्ट्यात उभी असते, उजवा हात पाठीशी, ६ नंबरचा चेंडू. राखीव गार्डला प्रत्येक सामन्यात किमान आठ मिनिटे, स्कोअर काहीही असो, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. दिव्याचा चौथा खांब अजून बंद आहे.